नाबाद डावांचा हिशेब



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या शाळेत गणित शिकवीत आणि सामन्याच्या दिवशी धावसंख्येची वहीही स्वतःच लिहीत, हे येथील जुन्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. मी मराठीचा माणूस; आकड्यांशी माझे सख्य बेताचेच. तरीही आजच्या विषयासाठी मी त्यांच्या वहीचाच आधार घेणार आहे. विषय आहे यशवंतराव चव्हाण यांच्या कर्तृत्वाचे मूल्यमापन. चिकोडी-निपाणीच्या परिसरात हा विषय काढला की दोन उत्तरे हमखास मिळतात. असा नेता पुन्हा झाला नाही, हे एक. आणि त्यांनी आम्हां सीमाभागातल्या माणसांना वाऱ्यावर सोडले, हे दुसरे. गंमत अशी की पुष्कळदा ही दोन्ही उत्तरे देणारा माणूस एकच असतो. आज सभेत कन्नड मातृभाषा असलेले स्नेहीही बसले आहेत. त्यांचे उत्तर कदाचित आणखी निराळे असेल, आणि तेही ऐकण्याजोगे असेल.

नेत्याला मोजायचे कसे? आपल्याकडे सर्वांत सोपे माप निवडणुकांचे. याच चिकोडी मतदारसंघातून बी. शंकरानंद १९६७ पासून १९९१ पर्यंत सलग सात वेळा लोकसभेवर निवडून गेले आणि १९९६ साली पराभूत झाले. हा विक्रम आपल्याकडे आदराने सांगितला जातो, आणि ते योग्यही आहे. परंतु किती सामने खेळले यावरून खेळाडू कसा होता हे कळत नाही. दुसरे माप पदांचे. ते लावले तर यशवंतरावांच्या जवळपास येणारी माणसे फार थोडी आहेत. द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, आणि त्यानंतर केंद्रात संरक्षण, गृह, अर्थ व परराष्ट्र ही चारही थोर खाती. शिवाय १९७७ नंतर विरोधी पक्षनेते आणि १९७९ साली उपपंतप्रधान. क्रिकेटच्या भाषेत असा खेळाडू अष्टपैलू ठरतो. परंतु पदांची यादी ही फलंदाजीच्या क्रमाची यादी झाली. त्या क्रमावर येऊन त्याने काय केले, हे ती सांगत नाही.

म्हणून जाणकार सरासरी पाहतात. येथे मी आपल्याला १९४८ सालात घेऊन जातो, कारण त्या एका वर्षात सरासरीचे सामर्थ्य आणि तिचे दुबळेपण ही दोन्ही उघडी पडली.

त्या वर्षीच्या जानेवारीत ॲडलेड येथे आपल्या सांगलीत जन्मलेल्या विजय हजाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच कसोटीत ११६ आणि १४५ अशी दोन शतके काढली. तो सामना भारत एक डाव आणि १६ धावांनी हरला. धावफलक शतके दाखवतो आणि पराभवही दाखवतो. त्या पराभवात हजाऱ्यांचा वाटा किती, हे मात्र वाचणाऱ्याने ठरवायचे असते. ऑगस्टमध्ये ओव्हलवर डॉन ब्रॅडमन आपल्या शेवटच्या कसोटी डावात शून्यावर त्रिफळाचित झाले आणि त्यांची सरासरी ९९.९४ वर थांबली. आणखी चार धावा मिळत्या, तर ती शंभर झाली असती. आणि डिसेंबरात पुण्यास, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळताना ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनांचा ४५२ धावांचा तत्कालीन जागतिक विक्रम नऊ धावांच्या अंतरावर होता. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब होते. त्यांनी पुढे खेळण्यास नकार दिला आणि संघ घेऊन निघून गेले. ४४३ च्या शेजारी नाबादपणाची ती लहानशी चांदणी कायमची राहिली. निंबाळकर कसोटी सामना एकदाही खेळू शकले नाहीत. २०१२ साली कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले.

आता सरांच्या गणिताकडे येतो. सरासरी काढताना एकूण धावांना एकूण डावांनी भागत नाहीत. जितके डाव बाद होऊन संपले, तितक्यांनीच भागतात. ब्रॅडमनांच्या ६९९६ धावा ८० डावांतल्या. पण दहा वेळा ते नाबाद राहिले, म्हणून भाजक ७०. सगळे ८० डाव धरले तर सरासरी ८७.४५ होते. हजाऱ्यांच्या २१९२ धावा ५२ डावांतल्या, सहा वेळा नाबाद, सरासरी ४७.६५. सगळे डाव मोजले तर ती ४२ च्या थोडी वर भरते. नियमात लबाडी काहीच नाही. जो बाद झाला नाही त्याचा डाव संपलाच नाही, मग तो मोजायचा कसा, असा त्यामागचा न्याय आहे. पण त्याचा परिणाम असा होतो की नाबाद राहण्याने सरासरी वाढते. खेळात याचा गैरफायदा घेणारा फलंदाज प्रेक्षकांच्या लगेच लक्षात येतो. राजकारणात तो तितक्या लवकर लक्षात येत नाही. न सोडवलेला प्रश्न हा नेत्याचा नाबाद डाव असतो. त्याने निर्णय दिला नाही, म्हणून तो चुकला असेही म्हणता येत नाही. आणि पुढे चरित्रकार जेव्हा त्याचा हिशेब मांडतात तेव्हा तो डाव भाजकातून निसटतो.

यशवंतरावांचे जे डाव पूर्ण झाले, त्यांच्याविषयी मला शंका नाही. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रातले काँग्रेसचे बुरूज ढासळले, स्वतः यशवंतराव कऱ्हाडातून थोडक्या मतांनी तरले. सारे मैदान विरोधात ओरडत असताना खेळण्याचा तो प्रसंग. त्या स्थितीतून तीन वर्षांत १ मे १९६० चा महाराष्ट्र उभा राहिला. त्याचे पहिले श्रेय चळवळीचे आणि तिच्या हुतात्म्यांचे आहे, हे सांगून मी म्हणेन की दिल्लीचे मन वळवण्याचे काम आतल्या माणसालाच करावे लागते, आणि ते त्यांनी केले. साहित्य संस्कृती मंडळ आणि त्यातून पुढे आलेला विश्वकोश, जिल्हा परिषदांचा १९६१ चा कायदा, आर्थिकदृष्ट्या मागासांना फीची सवलत, ही त्यांच्या कारकिर्दीची कामे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाले. आपल्या भागातल्या किती मुलामुलींच्या पदवीवर त्या विद्यापीठाची मुद्रा आहे, हे या सभागृहात हात वर करायला सांगितले तरी दिसेल. राज्याची सीमा जिथे थांबली, तिच्या अलीकडेही त्या कामाची सावली पडली.

विद्यापीठाच्या उद्घाटनानंतर काही दिवसांतच ते संरक्षणमंत्री होऊन दिल्लीत गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण इतके घोकले आहे की त्यामागची खेळपट्टी आपल्याला दिसेनाशी झाली आहे. चीनपुढे सैन्य हरलेले, संसद संतापलेली, सेनापतींचा आत्मविश्वास गेलेला. त्या मातीवर त्यांनी पाच वर्षांची संरक्षणयोजना आखली. सव्वाआठ लाखांचे सैन्य आणि विमानदलाच्या ४५ तुकड्या हे तिचे उद्दिष्ट होते. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानने छांबमध्ये रणगाडे घातले, तेव्हा विमानदल वापरण्याचा आदेश त्यांनी त्याच दुपारी, वेळ न दवडता दिला. तो निर्णय चुकता तर त्यांचा बळी गेला असता. नाबाद राहण्याची सोय तिथे नव्हती, आणि त्यांनी ती शोधलीही नाही. अर्थमंत्री म्हणून त्यांच्या १९७३-७४ च्या अर्थसंकल्पाला ५५० कोटींच्या तुटीमुळे ‘काळा अर्थसंकल्प’ म्हणतात. म्हणोत. पण आधीच्या दोन वर्षांत बांगलादेशाचे युद्ध, लक्षावधी निर्वासित आणि १९७२ चा दुष्काळ येऊन गेला होता, हे त्या आकड्याच्या शेजारी लिहिले जात नाही. धावफलकात खेळपट्टीचा रकाना नसतो, एवढेच.

आता नाबाद डावांकडे वळू. नाबाद डावांतही दोन जाती आहेत. एक निंबाळकरांची: फलंदाज खेळायला उभा आहे आणि समोरचा संघच निघून गेला. यशवंतराव पंतप्रधान झाले नाहीत, हे मला या जातीतले वाटते. १९७९ च्या जुलैत त्यांनी मोरारजी सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला, सरकार गेले, आणि राष्ट्रपती संजीव रेड्डी यांनी प्रथम त्यांनाच मंत्रिमंडळ बनवण्यास पाचारण केले. हेच ते रेड्डी, ज्यांच्या राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीच्या बाजूने दहा वर्षांपूर्वी बंगळुरात यशवंतरावांनी मत दिले होते. बहुमत जुळले नाही. हा अवगुण म्हणून मोजू नये.

दुसरी जात निराळी. तिथे चेंडू येतो आणि फलंदाज तो सोडून देतो.

डिसेंबर १९७५. कऱ्हाडचे साहित्य संमेलन. आणीबाणी चालू. अध्यक्षपदी दुर्गाबाई भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव, त्या वेळी भारताचे परराष्ट्रमंत्री. दुर्गाबाईंनी आणीबाणीचा निषेध केला आणि आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन सभेला केले. यशवंतरावांनी संमेलन उधळू दिले नाही, दुर्गाबाईंना बोलू दिले, आणि साहित्याच्या व्यासपीठाचा मान राखला. एवढे करणारे मंत्री त्या काळात विरळ होते, हे मी मानतो. परंतु ज्या मंत्रिमंडळाच्या निर्णयाविरुद्ध ती बाई बोलत होती, त्यात ते राहिले. सौजन्य हा त्यांचा मोठा गुण. त्या दिवशी तो पुरला नाही, असे माझे मत आहे.

आणि आपला प्रश्न. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चिकोडी, निपाणी, बेळगाव हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच दिवशी यशवंतराव द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. म्हणजे आपली आणि त्यांची सुरुवात एकाच तारखेची आहे! १९६० साली दोन्ही राज्यांच्या दोन-दोन प्रतिनिधींची समिती नेमली गेली. तिचे एकमत झाले नाही. १९६६ च्या ऑक्टोबरात केंद्राने न्यायमूर्ती महाजन यांचा आयोग नेमला. नोव्हेंबरात यशवंतराव गृहमंत्री झाले आणि १९६७ च्या ऑगस्टमध्ये आयोगाचा अहवाल आला, तो त्यांच्याच कारकिर्दीत. निपाणीसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, २४७ गावे म्हैसूरला द्यावीत, बेळगाव म्हैसूरकडेच राहावे, असे त्यात होते. महाराष्ट्राने तो नाकारला, म्हैसूरने जसाच्या तसा मागितला. केंद्राने त्याची अंमलबजावणी केली नाही, आणि तो रद्दही केला नाही. १९७० पर्यंत यशवंतराव गृहमंत्री होते.

त्यांची अडचण मला कळते. महाराष्ट्राच्या बाजूने बोट उचलले असते तर देशाचा गृहमंत्री आपल्या प्रांताचा वकील ठरला असता. उलट बाजूने उचलले असते तर सातारा-सांगलीत त्यांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. ज्याने पंचाचा डगला घातला तोच एका संघाचा जुना कर्णधार होता. अहवालही निर्दोष नव्हता. केवळ निपाणी मिळते म्हणून बेळगाव सोडून द्या, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? हे सारे खरे. तरी प्रश्न उरतो : त्यांनी काही निर्णय दिला असता आणि तो आपल्याला कडू लागला असता, तर आपण त्यांना अधिक दोष दिला असता की कमी? माझे उत्तर असे की दोष अधिक दिला असता, आणि पुढच्या पिढ्या मात्र कमी ओझ्याने जगल्या असत्या. आपल्या जत्रांतल्या आखाड्यात प्रेक्षकांना निकाली कुस्ती हवी असते. पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली की पैलवानांचे अंग शाबूत राहते, बक्षीसही वाटून मिळते. पण माणसे कुरकुरत घरी जातात. येथे माणसे घरीही जाऊ शकली नाहीत. साठ-सत्तर वर्षे ती आखाड्याच्या कडेला बसून राहिली. मुलाला कोणत्या माध्यमात घालायचे, नोकरी कोणत्या राज्यात शोधायची, सातबाऱ्याचा उतारा कोणत्या भाषेत मागायचा, याचे हिशेब दर जून महिन्यात नव्याने मांडत. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, आणि तोही लांबत गेला. नाबाद डाव नेत्याच्या सरासरीत धरला जात नाही. तो धरला जातो या घरांच्या वहीत.

म्हणून मी त्यांचा हिशेब असा मांडतो. पूर्ण झालेल्या डावांत ते आपल्या पिढीतल्या कोणाही राष्ट्रीय नेत्याच्या बरोबरीने उभे राहतात, काहींत पुढे. पण सगळे डाव भाजकात घेतले की आकडा खाली येतो, हजाऱ्यांचा येतो तसाच. खाली येऊनही तो मोठाच राहतो. सीमाभागाच्या रागाने त्यांचा १९६५ खोडू नये, आणि १९६५ च्या अभिमानाने १९६७ झाकू नये. कन्नड स्नेह्यांनाही मी हेच म्हणेन, कारण त्यांच्याही नेत्यांच्या वहीत याच प्रश्नाचा नाबाद डाव आहे. तो कोणी बाद होऊन संपवलेला नाही.

त्यांनी स्वतः हा डाव कसा मांडला असता, हे वाचायला मला आवडले असते. त्यांचे गद्य चांगले होते. संयमी, नदीकाठच्या मातीसारखे मऊ, आणि आईविषयी लिहिताना विशेष हृद्य. वर्गात मी ‘कृष्णाकाठ’ अनेकदा शिकवले. १९८४ साली, त्यांच्या निधनाच्या वर्षीच, तो पहिला खंड वाचकांपुढे होता. पुढचे खंड त्यांच्या मनात होते. ते लिहून झाले नाहीत. मुख्यमंत्रिपद, संरक्षण, गृह, कऱ्हाड हे सारे त्या न लिहिलेल्या भागात. ‘कृष्णाकाठ’ १९४६ पाशी थांबते, आणि आपला प्रश्न सुरू होतो त्यानंतर दहा वर्षांनी.