उंबरठ्यावरचे गिऱ्हाईक



आजचा विषय वाचून काही श्रोत्यांनी भुवया उंचावल्या असतील. वसंत ऋतूतली संध्याकाळ, चौकसारखे समुद्रकाठचे गाव, आणि वक्ता बोलणार संगणकावरच्या दुकानातील पैसे भरण्याच्या पानाविषयी! परंतु येथून पाली-उत्तनच्या बाजूला चालत जा. बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत असतात. ते वाळवणाऱ्या घरांतल्या शिकलेल्या मुली हाच माल आता मोबाईलवरून विकू पाहत आहेत. त्यांच्या कष्टाचा पैसा ज्या दारातून घरात यायचा, त्या दाराविषयी मी चार शब्द सांगणार आहे.

बाजारात पाटी मांडून बसलेली कोळीण काय करते? भाव सांगते, थोडी घासाघीस होते, पैसे घेते आणि मासळी देते. तुमचे आडनाव, तुमच्या कंपनीचे नाव किंवा परवलीचा शब्द ती विचारीत नाही. संगणकावरचे दुकान मात्र गिऱ्हाइकाने माल निवडल्यावर, अगदी उंबरठ्यावर त्याला थांबवून, दहा-पंधरा प्रश्न विचारते. बेमार्ड नावाची एक डॅनिश संशोधनसंस्था आहे. अनेक पाहण्यांची सरासरी काढून ती सांगते, की अशा दुकानांत भरलेल्या शंभर टोपल्यांपैकी सुमारे ७० तशाच टाकून दिल्या जातात. त्यांत नुसते पाहायला आलेले पुष्कळ असतात, हे खरे. पण ज्यांना खरोखर घ्यायचे होते, त्यांच्या तक्रारींत दोन गोष्टी ठळक दिसतात. एक, शेवटी अचानक वाढलेला खर्च; आणि दुसरी, खाते उघडण्याची सक्ती.

यावर उपाय म्हणून हे पान सुटसुटीत करणारे तयार जोड विकत मिळतात. माझ्या भाचीने सुक्या मासळीचे दुकान काढले, तेव्हा असा एक जोड मीच तिला सुचवला. सगळे एका पानात, रंगसंगती सुरेख! महिन्याभराने एका वृद्ध बाईंचा फोन आला. "ताई, माझ्याकडून शंभर रुपये जास्त कसे गेले?" शोधले तेव्हा कळले, की त्या पानावर 'भेटीचे वेष्टन' या चौकटीत आधीच खूण केलेली होती. भाची म्हणाली, "मामा, ही खूण मी केलीच नव्हती." जोडाने ती आपली आपण केली होती. पैसे परत केले. पण त्या बाई पुन्हा दुकानात आल्या नाहीत. दोष जोडाचा होता, तसा तो न तपासता सुचवणाऱ्या माझाही होता.

आपल्या कायद्याने या गोष्टीची दखल घेतली आहे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार ग्राहकाची संमती आधीच खूण केलेल्या चौकटीने गृहीत धरता येत नाही. नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर ग्राहकाच्या टोपलीत गुपचूप वस्तू सरकवण्याला फसवणुकीचा प्रकार म्हणून स्वतंत्र स्थान दिले आहे.

तेव्हा सोपेपणा कोणासाठी, हा पहिला प्रश्न. अमेरिकेत ॲमेझॉनने एका टिचकीत खरेदी करण्याच्या युक्तीचे पेटंट १९९९ साली मिळवले. ते २०१७ मध्ये संपले. गिऱ्हाइकाचे श्रम वाचले खरे, पण ते त्याचा पत्ता आणि कार्ड दुकानाने जपून ठेवले म्हणून वाचले. एका बाजूची पायरी काढली, की दुसऱ्या बाजूची जबाबदारी वाढते. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवता येत नाही. म्हणून कार्डाचे आकडे स्वतःजवळ ठेवू पाहणारा जोड कितीही चटपटीत असला, तरी दारातूनच परत पाठवावा.

खरा सोपेपणा कसा असतो, याचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि टपालखात्यातले अधिकारी. त्यांनी आखलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. आकडे अवघे सहा! पहिला ४ दिसला, की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या पट्ट्यातले. पुढच्या आकड्यांनी ते टपाल-जिल्ह्यापर्यंत आणि मग टपाल कार्यालयापर्यंत पोचते. गिऱ्हाइकाने हे सहा आकडे लिहिले, तर शहर आणि राज्य पानाने आपले आपण भरावे. जो जोड एवढे करतो, तो कामाचा.

मग निवड कशी करावी? आधी जोड न घेता, नको असलेले प्रश्न पानावरून काढून टाका. वूकॉमर्ससारख्या व्यवस्थेत खाते न उघडता खरेदी करू देण्याची सोय मुळातच आहे. २०२३ च्या अखेरीपासून नव्या दुकानांना तिचे नव्या बांधणीचे पानही आपसूक मिळते. तरीही काही उणे राहिले, तरच जोड पाहा. टपालखर्चासह पूर्ण रक्कम तो आरंभीच दाखवतो का? यूपीआय आणि माल हाती आल्यावर रोख, हे दोन्ही मार्ग ठेवतो का? कोणतीही खूण आपण होऊन करतो का? उद्या तो काढून टाकला, तर जुन्या मागण्यांची नोंद शाबूत राहते का? आणि शेवटी, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हाती स्वस्तातला फोन देऊन एक खरेदी करवून घ्या. त्यांचे बोट जिथे अडखळेल, तिथे पान चुकले आहे असे समजा.

माझ्या भाचीने तेच केले. तिच्या आजीने चष्मा लावून अर्धा किलो सुके बोंबील मागवले आणि एकच विचारले, "एवढेच ना गं? आणखी काही कापणार नाहीत ना?" नवे पान त्या प्रश्नाला आता पहिल्याच ओळीत उत्तर देते.