हे गाणं कोणाचं?



कवितेवर बोलण्यासाठी मला अधूनमधून बोलावणं येतं. आज मात्र मी माझ्या एका जुन्या नादाविषयी बोलणार आहे. हा नाद आहे अमेरिकेतल्या कंट्री संगीताचा. २०२४ या सालातले जे अल्बम आणि ज्या मैफली मला मनापासून आवडल्या, त्यांतल्या काही निवडक तुम्हाला सांगायच्या आहेत. मैफली अर्थातच घरी बसून, पडद्यावर पाहिलेल्या.

कंट्री संगीत म्हणजे कष्टकऱ्यांचं गाणं. शेतकरी, कोळशाच्या खाणीतला मजूर, रात्रभर ट्रक हाकणारा ड्रायव्हर ही त्यातली माणसं. चाल सोपी, शब्द रोजच्या बोलण्यातले आणि बहुतेक गाण्यांत एक सरळ गोष्ट. साथीला फिडल म्हणजे आपलं व्हायोलिन, बँजो आणि स्टील गिटार. ही स्टील गिटार मूळची हवाई बेटांवरची. तिचा तो लांबवर ओढलेला, गहिवरलेला सूर आपल्याला परका नाही. व्हॅन शिप्ले यांनी गिटारवर वाजवलेल्या हिंदी सिनेगीतांच्या धुना आपल्या पिढीनं रेडिओवर भरपूर ऐकल्या आहेत. अमेरिकाना हे या कंट्रीचंच भावंडं. बाजाराच्या आणि रेडिओच्या चौकटीत न मावणारं, लोकगीत, ब्लूज, रॉक या सगळ्यांशी सोयरीक ठेवणारं. त्याच्यासाठी ग्रॅमीचा वेगळा पुरस्कार २०१० पासून दिला जातो.

हे संगीत वाढलं ते रेडिओवर. २८ नोव्हेंबर १९२५ रोजी नॅशव्हिल शहरातल्या एका केंद्रावरून एक कार्यक्रम सुरू झाला. पुढे त्याला ‘ग्रँड ओल ऑप्री’ असं नाव पडलं आणि २०२५ मध्ये त्यानं शंभरी गाठली. शनिवारी रात्री दिवसभराची कामं आटोपून खेड्यापाड्यांतली माणसं रेडिओभोवती बसायची. पण गाणं घरोघर नेणाऱ्या या व्यवसायानंच त्याच्याभोवती कुंपणही घातलं. १९२०च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी दोन वेगळ्या याद्या केल्या. काळ्या गायकांच्या रेकॉर्डी एका यादीत, गोऱ्या खेडुतांच्या दुसऱ्या यादीत. गाणारे मात्र एकमेकांचं ऐकत होते, एकमेकांकडून शिकत होते. बँजोचा पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर आला. कंट्रीचं आद्य घराणं म्हणजे कार्टर कुटुंब. त्यांच्या ए. पी. कार्टर यांच्याबरोबर डोंगराळ गावांतून गाणी गोळा करत हिंडणारा लेस्ली रिडल काळा होता. हँक विल्यम्सला लहानपणी गिटारचे धडे देणारा रस्त्यावरचा वादक रूफस पेन काळा होता. ऑप्रीच्या पहिल्या काळात माउथ ऑर्गनवर आगगाडी पळवणारा डिफोर्ड बेली हाही काळाच. १९४१ मध्ये त्याला कार्यक्रमातून काढून टाकलं. कंट्रीच्या मानकऱ्यांच्या दालनात त्याचं नाव लागलं ते २००५ मध्ये, तो गेल्यानंतर.

हा इतिहास मी आधी सांगितला, कारण २०२४ मध्ये सगळीकडे एकच वाद चालू होता: हे गाणं कोणाचं?

वादाला तोंड फोडलं ते बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ या अल्बमनं. तो २९ मार्चला आला, पण त्यातली दोन गाणी फेब्रुवारीतच बाहेर पडली होती. त्यांतलं एक गाणं लावा, अशी फर्माईश एका श्रोत्यानं ओक्लाहोमातल्या एका कंट्री रेडिओ केंद्राकडे केली. आम्ही बियॉन्सेची गाणी लावत नाही, असं उत्तर आलं. बोभाटा झाला आणि केंद्रानं गाणं लावलं. बियॉन्से टेक्सासमधल्या ह्यूस्टनची. घोडे, काउबॉय, रोडिओचे खेळ हे सगळं बघत मोठी झालेली. तरी तिला विचारलं गेलं, तुझा या गाण्याशी संबंध काय?

तिनं उत्तर कसं दिलं पाहा. सगळा अल्बमच तिनं एखाद्या रेडिओ केंद्रासारखा रचला. मध्ये मध्ये निवेदक येतात. त्यांतला एक विली नेल्सन, तेव्हा नव्वदी ओलांडलेला. एक डॉली पार्टन. आणि एक लिंडा मार्टेल. पहिली दोन नावं जगाला ठाऊक आहेत. तिसऱ्या नावापाशी मी थांबलो. लिंडा मार्टेल ही दक्षिण कॅरोलायनाची काळी गायिका. १९६९ मध्ये ती ऑप्रीच्या मंचावर गायली आणि १९७० मध्ये तिचा अल्बम आला. तिच्या रेकॉर्ड कंपनीचं नाव होतं ‘प्लँटेशन’, म्हणजे ज्या मळ्यांवर गुलाम राबायचे तो मळा. गाताना तिनं प्रेक्षकांतून शिव्या ऐकल्या. एका अल्बमनंतर तिची नॅशव्हिलमधली वाट संपली. पुढे तिनं शाळेची बस चालवली. चोपन्न वर्षांनी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, तिचा आवाज पुन्हा जगभर ऐकू आला.

अल्बम म्हणून ‘काउबॉय कार्टर’ मला लांबलेला वाटतो. सत्तावीस तुकडे आहेत आणि सगळेच सारख्या ताकदीचे नाहीत. पण रियानन गिडन्सचा बँजो सुरू होतो ते गाणं ऐकावंच. आफ्रिकेतून आलेलं ते वाद्य आपल्या घरी परतल्यासारखं वाजतं. कंट्री संगीत संघटनेच्या २०२४च्या पुरस्कारांत या अल्बमला एकही नामांकन मिळालं नाही. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रॅमीनं त्याला कंट्रीचा सर्वोत्तम अल्बम ठरवलं आणि वर्षाचा सर्वोत्तम अल्बमही. कंट्री अल्बमचा हा मान काळ्या कलावंताला मिळण्याची ती पहिलीच वेळ.

याच अल्बममध्ये गायलेला शबूझी हा व्हर्जिनियात वाढलेला, नायजेरियन आईबापांचा मुलगा. आडनाव चिबुएझे. शाळेतल्या फुटबॉलच्या प्रशिक्षकाला ते नीट लिहिता येईना. त्यानं जे काही लिहिलं, तेच त्यानं पुढे आपलं नाव करून टाकलं. त्याचं एक दारूच्या गुत्त्यातलं गाणं २०२४ मध्ये अमेरिकेच्या मुख्य लोकप्रियता यादीत एकोणीस आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. गाणं साधंच आहे, पण ज्याचं नावही धड घेतलं जात नव्हतं त्याच्या गाण्यावर सगळा देश नाचला, ही गंमत मला आवडली.

मला या वादात एवढा रस का, असं तुम्ही विचाराल. आमच्या घरात दखनी बोलली जाते. कविता मला पहिल्यापासून मराठीतच सुचली. तीस वर्षांहून अधिक काळ मी मराठीत लिहितो आहे. तरी एखाद्या कविसंमेलनात कोणी तरी पाठ थोपटून विचारतंच, ‘‘तुमचं मराठी इतकं चांगलं कसं हो?’’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण आपण फाटक उघडून कोणाला तरी आत घेतलं, असा एक आनंद त्याच्या चेहऱ्यावर असतो. श्रीगोंद्याचे शेख महंमद, पेशवाईतले सगनभाऊ, आपले शाहीर अमर शेख हे सगळे या अंगणात फाटक बसायच्या आधीपासून गात आले आहेत. म्हणून लिंडा मार्टेलचा आवाज ऐकला, की मला ती गोष्ट दूरच्या देशातली वाटत नाही.

आता मैफलींकडे येतो. माझ्या मते वर्षाचं सर्वोत्तम सादरीकरण झालं ते ४ फेब्रुवारीला, ग्रॅमीच्या सोहळ्यात, आणि ते जेमतेम पाच मिनिटांचं होतं. ट्रेसी चॅपमन या काळ्या गायिकेनं १९८८ मध्ये ‘फास्ट कार’ नावाचं गाणं केलं होतं. गरिबीतून पळून जाऊ पाहणाऱ्या मुलीचं गाणं. उत्तर कॅरोलायनाच्या ल्यूक कोम्ब्स या गोऱ्या कंट्री गायकानं ते लहानपणी वडिलांच्या ट्रकमध्ये ऐकलं होतं. २०२३ मध्ये त्यानं ते पुन्हा गायलं, तेही त्यातल्या मुलीचा मुलगा न करता. त्या वर्षी कंट्री संघटनेचा सर्वोत्तम गीताचा पुरस्कार चॅपमनला मिळाला. हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली काळी गीतकार. अनेक वर्षं ती लोकांसमोर फारशी गायलीच नव्हती. त्या रात्री दोघं मंचावर आली. तिनं गिटारवर सुरुवातीचे सूर छेडले आणि सभागृह उभं राहिलं. मी कोम्ब्सकडे पाहत होतो. ती गात असताना तो आवाज न काढता ओठांनी शब्द म्हणत होता, गुरूसमोर बसलेल्या शिष्यासारखा. गाणं कोणाचं, याचं उत्तर त्याच्या चेहऱ्यावर होतं. ते तिचं होतं आणि म्हणूनच त्याचंही झालं होतं.

दुसरी मैफल याच कोम्ब्सच्या प्रांतातली. सप्टेंबरच्या शेवटी हेलीन वादळानं उत्तर कॅरोलायनाचा पश्चिम डोंगराळ भाग धुऊन नेला. तो अॅपलेशियन डोंगरांचा मुलूख. स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्यांचं फिडल आणि आफ्रिकेचा बँजो जिथे एकत्र नांदले, त्या मुलखाचाच हा भाग. २६ ऑक्टोबरला शार्लटच्या स्टेडियममध्ये मदतीसाठी मैफल झाली. कोम्ब्स, एरिक चर्च, ब्लूग्रासचा अफलातून गिटारवादक बिली स्ट्रिंग्ज आणि याच प्रांतात वाढलेले जेम्स टेलर, सगळे आले. २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक निधी जमला. ज्या मातीनं गाणं दिलं, तिचं देणं गाणाऱ्यांनी गाऊनच फेडलं.

अल्बममधली माझी पहिली पसंती मात्र एका शांत कामाला आहे. गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज यांचा ‘वुडलँड’. ऑगस्टमध्ये आला. वुडलँड हे त्यांच्या नॅशव्हिलमधल्या स्टुडिओचं नाव. मार्च २०२० मध्ये चक्रीवादळानं त्याचं छप्पर उडवलं. दोघांनी पावसातून आपल्या ध्वनिफिती वाचवल्या, मग कित्येक महिने घालून तो स्टुडिओ पुन्हा उभा केला. त्याच वास्तूतून हा अल्बम आला आहे. दोन आवाज, दोन गिटार आणि मोजकी साथ. हे दोघं इतक्या वर्षांच्या सवयीनं गातात, की एकाचा श्वास कुठे संपला आणि दुसऱ्याचा कुठे सुरू झाला, कळत नाही. जे वाहून गेलं त्याचा हिशेब आहे, पण रडगाणं नाही.

आणि गंमत अशी, की ‘हे गाणं तुझं नाही’ हा टोमणा वेल्चनंही खाल्ला आहे. १९९६ मध्ये तिचा पहिला अल्बम आला, तेव्हा काही समीक्षकांनी नाकं मुरडली. ही लॉस एंजेलिसमध्ये वाढलेली, टीव्ही कार्यक्रमांना संगीत देणाऱ्यांच्या घरची मुलगी डोंगरातल्या गरिबांची गाणी कशी गाते? ती मात्र गातच राहिली. आज तिची गाणी त्याच डोंगरांत, अंगणातल्या बैठकींत गायली जातात.

दुसरी पसंती सिएरा फेरेलच्या ‘ट्रेल ऑफ फ्लॉवर्स’ला. ही वेस्ट व्हर्जिनियाची. तरुणपणी मालगाड्यांतून गावोगाव भटकली, रस्त्याच्या कडेला उभी राहून गायली. तिच्या आवाजात शंभर वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डीची खरखर आहे आणि आजच्या थकलेल्या माणसाचा सुस्काराही. या कामासाठी तिला चार ग्रॅमी मिळाले. तिसरी वॅक्साहॅची या नावानं गाणारी अलाबामाची केटी क्रचफील्ड. तिचा ‘टायगर्स ब्लड’ दीर्घ सहवासातल्या प्रेमाविषयी आहे. हा विषय सोपा वाटतो, लिहायला फार अवघड असतो.

या वर्षानं एक कवीही नेला. २८ सप्टेंबरला क्रिस क्रिस्टोफरसन अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेले. ऑक्सफर्डला साहित्य शिकलेला, सैन्यात हेलिकॉप्टर चालवलेला हा माणूस साहित्य शिकवण्याची नोकरी नाकारून नॅशव्हिलला आला आणि गाणी खपेपर्यंत एका स्टुडिओत झाडलोट करत राहिला. साध्या माणसाच्या तोंडी शोभेल अशा भाषेत खोल बोलायचं कसं, हे कंट्रीला त्यांनी नव्यानं शिकवलं. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मैफलीत शिनेड ओकॉनर या गायिकेची हजारो लोक हुर्यो उडवत होते, तेव्हा हेच गृहस्थ मंचावर जाऊन तिच्याजवळ उभे राहिले. कुंपणाशी अडवलेल्या माणसाच्या बाजूला जाऊन उभं राहणं, हेही कवीचं कामच आहे.

ज्यांनी हे संगीत कधीच ऐकलेलं नाही, त्यांनी ‘वुडलँड’पासून सुरुवात करावी. रात्री, कामं आटोपल्यावर, आवाज लहान ठेवून. इंग्रजी शब्द सगळे कळले नाहीत तरी बिघडत नाही. जात्यावरची ओवी ऐकताना तरी आपल्याला कुठे प्रत्येक शब्द कळत होता? दळणारीचा दम ऐकू येत होता, तेवढ्यावर आपण झोपी जात होतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)