लघवीतले रक्त



‘अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य’ ही म्हण ऐकून आपण हसतो. पण जिला असे दुखणे असते, ती हसत नाही. ती गप्प बसते. म्हणून आज आम्ही मोकळेपणाने बोलणार आहोत.

बाईची लघवीची नळी जेमतेम ४ सेंटिमीटर लांब, म्हणजे दोन बोटांएवढी. या नळीलाही कॅन्सर होतो. तो फार क्वचित होतो. शंभर कॅन्सरांत एकही भरत नाही. म्हणूनच तो ओळखायला उशीर होतो. रक्त दिसले की बाई म्हणते, ‘उन्हाळी लागली असेल,’ आणि धन्याचे पाणी पिते. पाळी गेलेल्या बाईच्या लुगड्याला डाग पडला, तर गर्भपिशवीचे दुखणे वाटते.

खुणा ध्यानात ठेवा. लघवीत रक्त, लघवी अडणे, नळीच्या तोंडाशी गाठ, न थांबणारी आग. पुष्कळदा हा कॅन्सर नसतो. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे, आपण नव्हे.

डॉक्टर दुर्बीण घालून नळी आतून पाहतात. संशय आला तर बारीक तुकडा काढून तपासतात. रोग लहान आणि तोंडाशीच असेल, तर पुष्कळदा लहान शस्त्रक्रियेने किंवा किरणांच्या उपचाराने भागते. आत पसरला, तर शस्त्रक्रिया, किरण, औषधे सारेच लागते. कधी लघवीची पिशवीही काढावी लागते.

मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ पासून कॅन्सरवर उपचार करीत आहे. बार्शीलाही कॅन्सरचे रुग्णालय आहे. आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा.

बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी डॉक्टर गाठतो. मग घरच्या बाईला महिनोन्‌महिने का थांबवायचं? आजच तिला विचारा.