मुखपृष्ठावरची आजी

(1988 च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'सॉफ्टवेअर क्षेत्रातील संधी' असा विषय दिला होता. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांची मुलं त्याच क्षेत्रात आहेत, त्यांना त्या संधी माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. म्हणून मी आज दुसरंच सांगणार आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या मुलीनं इंग्लंडमध्ये, बारावीच्या अभ्यासासाठी, एका सिनेमासिकाचं मुखपृष्ठ तयार केलं. त्याची गोष्ट.

तिकडे बारावीच्या पातळीला ए लेव्हल म्हणतात. विषय तीन-चारच, पण खोलात जाऊन. हिनं घेतले गणित, इंग्रजी साहित्य आणि मीडिया स्टडीज. इकडच्या नातेवाइकांना फोनवर सांगितलं की पहिले दोन विषय नीट ऐकू जायचे आणि तिसऱ्याला लाइन खराब व्हायची. तिकडेही या विषयाची टिंगल होतेच. 'मिकी माउस विषय' म्हणतात त्याला. मी तो वर्षभर घरात जवळून पाहिला आहे. आमच्या कंपनीत डिझाइनच्या बैठकांमध्ये इतके प्रश्न विचारले जात नाहीत.

तिच्या ओसीआर मंडळाच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प 100 गुणांचा होता. तिनं निवडलेला पर्याय असा: न झालेल्या सिनेमाचा टीझर ट्रेलर करायचा, त्याला 40 गुण. सोबत त्याच सिनेमाचं पोस्टर आणि सिनेमासिकाचं मुखपृष्ठ, त्यांना दहा-दहा. उरलेले गुण आधीच्या अभ्यासाला आणि शेवटच्या मूल्यमापनाला. आणि एक कडक अट, की फोटो स्वतः काढलेलाच हवा. शाहरुखचा नेटवरून उचलून चालत नाही.

मग घरात मासिकांचा ढीग झाला. 1989 पासून निघणारं 'एम्पायर' हे तिथलं मोठं नाव. त्याचं मुखपृष्ठ म्हणजे लग्नाचं ताट. एक कोपरा रिकामा नाही. वर लाल अक्षरांत मासिकाचं नाव, मध्ये एकच मोठा चेहरा, आजूबाजूला आतल्या लेखांच्या ओळी. चेहरा बहुधा नावावर चढलेला असतो, एखादं अक्षर डोक्यामागे दडतं. कारण मासिकाला खात्री असते, की अर्धं नाव झाकलं तरी लोक आपल्याला ओळखतील, आणि हा नट आपल्या नावापेक्षा मोठा आहे हेही त्यातून सांगायचं असतं. दुकानातल्या रॅकमध्ये मासिकं एकावर एक सरकवून ठेवतात, तेव्हा डावीकडचा साधारण तिसरा हिस्साच दिसतो. म्हणून महत्त्वाच्या ओळी डावीकडे. उलट 'लिटल व्हाइट लाइज' नावाचं मासिक चेहरा चित्रकाराकडून काढून घेतं आणि फारसं काही लिहीतच नाही. या दोन्हींच्या मध्ये कुठे उभं राहायचं, ते हिला ठरवायचं होतं.

तिच्या सिनेमाचं नाव 'पार्टी वॉल'. तिकडच्या जोडघरांच्या सामाईक भिंतीला तसं म्हणतात. एक म्हातारी बाई रात्री भिंतीपलीकडचं बोलणं ऐकते आणि तिला नको ते कळतं, असा थरारपट. म्हातारी घरात होतीच. माझी आई तेव्हा सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आली होती.

आई नाशिकची. लग्नाआधी 'रसरंग' वाचून वाढलेली, पुढे माझ्या मावशीकडचे 'चंदेरी'चे अंक पाहिलेली. गौतम राजाध्यक्षांनी काढलेले फोटो तिच्या डोक्यात पक्के. तिनं ठेवणीतली पैठणी काढली. नातीला हवं होतं घरातलं सुती लुगडं, वर कार्डिगन, आणि न हसणारा चेहरा. "अगं, कव्हरवर असं भिकाऱ्यासारखं कोण बसतं?" आई म्हणाली. तासभर वाद झाला. शेवटी सुती पातळ नातीचं आणि कानातल्या कुड्या आजीच्या, असा तह झाला.

पहिला फोटो सुंदर आला होता. खिडकीतून येणारा मऊ उजेड, आई खुर्चीत, नजर थोडी वर कॅमेऱ्याकडे. मुलीनं मांडणी केली आणि वर्गात प्रेक्षक म्हणून बारा-पंधरा जणांना दाखवली. हे काय आहे, एवढंच विचारलं. बऱ्याच जणांनी सांगितलं, मदतनिधीची जाहिरात. एकानं तर महिन्याला किती पौंड द्यायचे तेही विचारलं.

त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही. आजीला यातलं काही सांगायचं नाही, असं तिनं मला बजावलं.

खरं तर मुलांनी खोडी काढली नव्हती. त्यांनी आयुष्यभर जे पाहिलं होतं तेच सांगितलं. सावळा, सुरकुतलेला, गंभीर चेहरा त्यांना मोठ्या आकारात एकाच ठिकाणी दिसत आला होता, पावतीपुस्तकाच्या वर. फोटोतली प्रत्येक गोष्ट तिकडेच बोट दाखवत होती. कॅमेरा वरून खाली पाहणारा, म्हणून आजी लहान. उजेड सगळीकडे सारखा, म्हणून बिचारी. नजर वर, म्हणजे काहीतरी मागणारी.

दुसरी कोणी असती तर गोऱ्या मैत्रिणीला कव्हरवर घेऊन मोकळी झाली असती. दहाच गुणांचा तर प्रश्न. हिनं आजी बदलली नाही. कॅमेरा आजीच्या हनुवटीच्या खाली आणला, म्हणजे आता आपण तिच्याकडे वर पाहतो. दिवा एका बाजूनं, अर्धा चेहरा अंधारात. नजर सरळ भिंगात. "आजी, दूधवाल्यानं पाणी घातलंय आणि तुला ते माहीत आहे, तशी बघ," एवढीच सूचना. आमच्या लहानपणी ही नजर आम्हा भावंडांना पुष्कळ मिळाली आहे! मग डोकं मासिकाच्या नावावर चढवलं, मधली दोन अक्षरं झाकून. डावीकडे मोठी ओळ: 'तिला सगळं ऐकू येतं.'

पुन्हा बारा-पंधरा जण, यावेळी दुसऱ्या वर्गातले. एकानंही मदतनिधी म्हटलं नाही. एका मुलीनं विचारलं, ही नटी कोण, आणखी कशात होती? ही गोष्ट मात्र आजीला ताबडतोब सांगण्यात आली.

माझं काम किरकोळ होतं. रिझोल्यूशन 300 डीपीआय ठेव, पडद्यावरचा लाल छपाईत मरतो तेव्हा आधी एक प्रत काढून बघ, आणि 'फायनल', 'फायनल2', 'खरंच फायनल' अशी फाइलींची नावं देऊ नकोस. यातलं शेवटचं तिनं ऐकलं नाही.

आईनं एक प्रत नाशिकला नेली आणि देवघराशेजारी लावली. आलेल्या-गेलेल्याला ती अजून सांगते, की हे आमच्या नातीनं केलंय. फोटो कुणाचा, ते ती सांगत नाही. लोक विचारतील याची वाट बघते.

आपल्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ अजून ठरायचं आहे, असं मघाशी कळलं. शाळेच्या इमारतीचा फोटो चालेल का, असंही विचारलं गेलं. चालेल की. फक्त घंटा देणारे आपले शिपाईमामा त्यात कुठेतरी उभे असू देत, कॅमेरा जरा खाली घ्या, आणि कापणीसाठी चारही बाजूंना 3 मिलिमीटर जास्त सोडा. नाहीतर मामांचे पाय कापले जातील.