बोहारणीला दिलेली लुगडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शाळा सातवीपर्यंत झाली, आणि तेव्हासुद्धा वर्गात उभे केले की माझे पाय कापत. पण मंडळाने सांगितले, "घरातले एखादे जुने वस्त्र आणा आणि त्याची आठवण सांगा." टेबलावर तुमच्या पैठण्या, शालू, खणाच्या चोळ्या मांडलेल्या आहेत. त्यांत माझा स्टीलचा डबा पाहून पुष्कळजणी हसल्या. तो चुकून आलेला नाही.

माझे माहेर जत तालुक्यात. आमच्या भागातल्या बायका इरकली लुगडी नेसत. इलकल गाव सीमेपलीकडे, कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात. त्या लुगड्याचा टोपपदर तुम्ही पाहिला असेल, तांबड्यावर पांढरी टोके, देवळाच्या शिखरासारखी. अंगाचा ताणा वेगळा असतो आणि पदराचा वेगळा, अन् दोन्ही एकमेकांत फासे घालून जोडतात. आई म्हणायची, "लुगडं विरलं तरी हा जोड सुटत नाही."

लुगडे आधी विरते ते बसण्याच्या जागी. मग आई तेवढा भाग कापून टाकी आणि दोन्हीकडचे चांगले तुकडे एकमेकांना जोडी. याला दंड घालणे म्हणतात. हल्लीच्या मुलींना हा शब्दही ठाऊक नसेल. १९७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायला जाई, ती दंडाच्या लुगड्यातच. तिथे मिळालेली सुकडी थोरल्या भावासाठी पदरात बांधून आणी. हे सगळे तिच्याच तोंडून ऐकलेले, माझा तेव्हा जन्म नव्हता. मला आठवते ते रात्रीचे. तिच्या पदराचे टोक मुठीत धरल्याशिवाय मला झोप येत नसे. त्याला चुलीच्या धुराचा आणि मिश्रीचा वास असे. पदराच्या गाठीत नेहमी काहीतरी बांधलेले असायचे. कधी सुपारी, कधी माझ्या वहीचे पैसे.

२०११ साली आई गेली. दिवस झाल्यावर वहिनींनी ट्रंक उघडली आणि म्हणाल्या, "वन्सं, तुम्हाला काय हवं ते आधी घ्या." मी लग्नातला शालू उचलला. खाली रोजची सहा-सात लुगडी होती. वहिनींनी विचारले, "आणि ह्यांचं?" मी म्हटले, "द्या बोहारणीला." नुसते म्हटले नाही, दुसऱ्या दिवशी बोहारीण आली तेव्हा मीच उंबऱ्यात बसून घासाघीस केली. ती लहान डबा देत होती, मी मोठा काढून घेतला. तोच हा डबा. त्या दिवशी मला त्याचा आनंदच झाला होता, खोटे कशाला सांगू?

गेल्या वर्षी लेकीच्या साखरपुड्याला शालू बाहेर काढला. इतकी वर्षे एकाच घडीत ठेवलेला. उलगडला तर प्रत्येक घडीवर उभा चिरलेला, आणि जर काळी पडलेली. (तुमच्याकडे असे काही असेल तर दर चार-सहा महिन्यांनी घडी बदला, मऊ सुती कापडात गुंडाळा आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका.) पण मला शालूचे तितके वाईट वाटले नाही. लेकीने विचारले, "आई, आजी ह्यात कशी दिसायची?" मला सांगता येईना. आईला शालूत मी पाहिलेच नव्हते. डोळ्यांपुढे येत होती ती दंडाच्या लुगड्यातली आई, आणि ते लुगडे मी देऊन टाकले होते.

भाऊबीजेला गेले तेव्हा वहिनींपुढे रडू आवरले नाही. त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या आणि माळ्यावरून एक वाकळ काढून माझ्यापुढे अंथरली. वर टोपपदर, मधोमध दंडाची शिवण. बोहारीण यायच्या आधीच त्यांनी दोन लुगडी बाजूला काढून ठेवली होती. "तुम्ही मला वेडी म्हणाल म्हणून बोलले नाही, वन्सं," म्हणाल्या.

मी ती वाकळ मागितली. त्यांनी दिली नाही. म्हणाल्या, "माझी पोरं हिच्यावर वाढली. तुम्ही या, राहा, निजा हिच्यावर. न्यायची नाही." मला क्षणभर राग आला. पण ज्या बाईने लुगडी राखली, तिच्यापुढे डबा घेणारीने काय बोलावे?

त्या रात्री मी वाकळीवर निजले. धुराचा वास कधीच गेला होता, वहिनींच्या घरच्या साबणाचा येत होता. पदराचे टोक मात्र कडेला मोकळे ठेवलेले होते, शिवलेले नव्हते. सकाळी वहिनींना कारण विचारले. म्हणाल्या, "धाकटा धरून झोपायचा."