खडतर वाटेवरील सराव



१९९६ साली हवाई बेटसमूहातील माउई येथे डोंगरवाटांवरील ट्रायथलॉनची एक स्पर्धा झाली. पुढे ती 'एक्स्टेरा' या नावाने जगभर पसरली. १.५ किलोमीटर पोहणे, सुमारे ३० किलोमीटर डोंगरी सायकल आणि १० किलोमीटर धावणे, असे तिचे साधारण स्वरूप.

या सरावात उत्साह मावळतो तो बहुधा घड्याळामुळे. डांबरी रस्त्यावर कालची वेळ आजच्या वेळेशी ताडता येते. येथे एका पावसाने वाट बदलते, चाक चिखलात रुतते आणि श्रम वाढूनही वेळ मागे पडते. मग तरुणांना वाटते, आपण खालावलो. हे अनुमानच सदोष आहे. मोजायचेच तर कौशल्य मोजावे. गेल्या महिन्यात ज्या चढावर सायकल ढकलावी लागली, तो आज न उतरता पार झाला काय? (पोहण्याचा कंटाळा मात्र मलाही येतो, तलावात फरशा मोजण्याखेरीज असते काय!)

मन अगदीच नकार देईल त्या दिवशी १० मिनिटांपुरतेच बाहेर पडावे. परतायचे की पुढे जायचे, ते तेव्हा ठरवावे. अंगात ताप असल्यास मात्र घरीच थांबावे. त्यास आळस म्हणू नये.