वादळ, गाडी आणि कायद्यातली पळवाट



२२ सप्टेंबर २००५. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातून उत्तरेला डॅलसकडे जाणारा ४५ क्रमांकाचा महामार्ग गाड्यांनी गच्च भरला होता. मेक्सिकोच्या आखातातून रीटा नावाचे चक्रीवादळ येत होते. समुद्रावर असताना त्याच्या वाऱ्यांनी ताशी २९० किलोमीटरचा वेग गाठला होता. साडेतीन आठवड्यांपूर्वी कट्रिना वादळाने न्यू ऑर्लिन्सची केलेली दैना साऱ्यांनी टीव्हीवर पाहिली होती. त्यामुळे ज्यांना घर सोडायला सांगितले होते तेही निघाले आणि ज्यांना सांगितले नव्हते तेही निघाले. पंचवीस लाखांहून अधिक माणसे रस्त्यावर उतरली. वाहनांची रांग दीडशे किलोमीटरच्या पुढे गेली आणि चार तासांच्या वाटेला वीस-वीस तास लागू लागले.

पारा ३७ अंशांच्या आसपास. इंजिन चालू, एसी चालू, गाडी मात्र जागच्या जागी. टाकीत शंभर लिटर पेट्रोल मावणाऱ्या अवाढव्य गाड्याही रिकाम्या होऊन रस्त्याच्या कडेला लागल्या. वाटेतले पंप कोरडे पडले. लोकांनी एसी बंद केले, खिडक्या उघडल्या, गाड्या ढकलल्या. डॅलसजवळ वृद्धाश्रमातल्या रहिवाशांना नेणाऱ्या बसला आग लागून २३ जण गेले. रीटाच्या खाती जमा झालेल्या शंभरावर मृत्यूंपैकी बहुतेक मृत्यू वाऱ्याने किंवा पाण्याने झालेच नाहीत. ते या पळापळीत झाले. आणि रीटा ऐनवेळी पूर्वेला वळले. ह्यूस्टन बरेचसे वाचले.

हे दृश्य एका वादाच्या पथ्यावरच पडले. मोठ्या गाड्या पेट्रोल पितात, धुराने पृथ्वी तापते, तापलेला समुद्र वादळ उठवतो आणि वादळ त्याच गाड्यांना पळवून लावते. करावे तसे भरावे, असा हा सरळ न्याय. तो तितका सरळ आहे का आणि नसेल तर गाठ नेमकी कुठे आहे, हा आजचा विषय.

वाद कट्रिनाच्या आधीच पेटला होता. नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका इव्हँजेलिकल पर्यावरणवादी संघटनेने ‘येशूने कोणती गाडी चालवली असती?’ असा सवाल करत मोहीम काढली. जानेवारी २००३ मध्ये स्तंभलेखिका ॲरियाना हफिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या जाहिराती आल्या. एसयूव्ही वर्गातल्या मोठ्या गाडीत पेट्रोल भरणारा ग्राहक दहशतवाद्यांच्या तिजोरीत भर घालतो, असा त्यांचा सूर होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या वेस्ट कोविना इथे हमर या अवाढव्य एसयूव्ही गाड्यांच्या विक्रीकेंद्राला पर्यावरणाच्या नावाने आग लावण्यात आली. कट्रिना किनाऱ्याला धडकले त्याच दिवशी पर्यावरणवादी वकील रॉबर्ट केनेडी (धाकटे) यांनी मिसिसिपीचे गव्हर्नर हेली बार्बर यांना धारेवर धरले. कार्बन डायऑक्साइडवर निर्बंध घालण्याच्या आश्वासनापासून बुश सरकारला मागे फिरवणारे टिपण बार्बर यांनी २००१ मध्ये लिहिले होते, हा आक्षेप. दुसऱ्या दिवशी जर्मनीचे पर्यावरणमंत्री युर्गेन ट्रिटिन यांनी वृत्तपत्रात लेख लिहून अमेरिकेच्या हवामानविषयक बेफिकिरीवर तोंडसुख घेतले. न्यू ऑर्लिन्समधली माणसे तेव्हा अजून छपरांवर अडकलेली होती.

दुसरी बाजूही गप्प नव्हती. आमची गाडी, आमचा पैसा; शिवाय मोठ्या गाडीत मुलेबाळे सुरक्षित राहतात, हे त्यांचे म्हणणे. ते अगदीच पोकळ नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनेच काढलेला अंदाज असा, की १९७० आणि ८० च्या दशकांत गाड्या लहान आणि हलक्या झाल्यामुळे १९९३ या एका वर्षात रस्त्यांवर १,३०० ते २,६०० मृत्यू जास्त झाले असावेत. मात्र मोठ्या गाडीने आतल्याला दिलेले संरक्षण समोरच्या लहान गाडीतल्याच्या जिवावर येते, आणि उंच गाडी उलटण्याचा धोकाही जास्त.

आता वादळाकडे वळू. चक्रीवादळ म्हणजे उष्णतेवर चालणारे इंजिनच. समुद्राचे पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेले असले, की त्यातून उठणारी वाफ वर जाऊन थंड होते आणि आपली उष्णता सोडते; वाऱ्यांना बळ मिळते ते तिथून. फक्त पृष्ठभाग कोमट असून भागत नाही. वारा समुद्र घुसळतो आणि खालचे थंड पाणी वर आले की वादळ स्वतःच मंदावते. कट्रिनाच्या वाटेत आखातातला ‘लूप करंट’ नावाचा उबदार प्रवाह आला. त्याची ऊब खोलवर असते, त्यामुळे घुसळूनही वर गरमच पाणी आले. २८ ऑगस्टला कट्रिना पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत पोहोचले.

त्याच महिन्याच्या सुरुवातीला एमआयटीतले हवामानशास्त्रज्ञ केरी इमॅन्युएल यांचा निबंध ‘नेचर’मध्ये आला होता. गेल्या तीस वर्षांत चक्रीवादळांनी खर्च केलेली एकूण शक्ती बरीच वाढली आहे आणि ही वाढ समुद्राच्या तापमानाशी जुळते, असे त्यांनी दाखवले. ही शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या घनाबरोबर वाढते. म्हणजे वेग दहा टक्क्यांनी वाढला, तर शक्ती तेहेतीस टक्क्यांनी वाढते. सप्टेंबरमध्ये पीटर वेब्स्टर, जुडिथ करी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिले, की जगातल्या वादळांची एकूण संख्या वाढलेली नाही; चौथ्या-पाचव्या श्रेणीतल्या वादळांची संख्या मात्र १९७० च्या दशकापासून जवळपास दुप्पट झाली आहे.

यावर हवामानशास्त्रज्ञांतच जुंपली. ॲटलांटिकमधल्या वादळांचे हंगामी अंदाज सुरू करणारे विल्यम ग्रे आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्रातले क्रिस लँडसी यांचे म्हणणे, की उपग्रहांच्या सोयीआधीच्या नोंदी तोकड्या आहेत आणि ॲटलांटिक काही दशके तापतो, काही दशके निवतो. लँडसी तर त्याच वर्षी जानेवारीत संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या अहवालाचे काम सोडून बाहेर पडले होते. या समितीतल्या एका वरिष्ठ सहकाऱ्याने पत्रकार परिषदेत वादळे आणि तापमानवाढ यांची सांगड घातल्याने ते नाराज होते.

वीस वर्षांत हे चित्र बरेच स्पष्ट झाले आहे. हवा एक अंशाने तापली, तर ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. २०१७ मध्ये हार्वे वादळाने टेक्सासमध्ये नीडरलँड गावी दीड मीटरहून अधिक पाऊस ओतला. त्या पावसात तापमानवाढीने सुमारे पंधरा टक्के भर घातली, असा एक अभ्यास सांगतो. समुद्राची पातळी १९०० पासून वीसेक सेंटीमीटरने चढली आहे, म्हणून वादळाची लाट त्या मानाने वरूनच सुरू होते. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०२१ मध्ये म्हटले, की तीव्र वादळांचे प्रमाण गेल्या चार दशकांत बहुधा वाढले आहे. ‘बहुधा’ हा शब्द समितीने तोलून-मापून वापरला आहे.

म्हणजे तापमानवाढीने कट्रिना जन्माला घातले, असे कुणी जबाबदार शास्त्रज्ञ म्हणत नाही. कट्रिनाने १,३९२ बळी घेतले, असे चक्रीवादळ केंद्राने २०२३ मध्ये सुधारलेला आकडा सांगतो. किनाऱ्याला लागताना ते तिसऱ्या श्रेणीवर उतरले होते. न्यू ऑर्लिन्स बुडाले ते प्रामुख्याने सतराव्या रस्त्याच्या कालव्यासारख्या ठिकाणी पूरभिंती फुटल्याने, आणि त्यातल्या काही भिंती तर पाणी माथ्यापर्यंत पोहोचण्याआधीच कोसळल्या. आराखड्यातला दोष त्या बांधणाऱ्या लष्करी अभियंता दलाने २००६ मध्ये कबूलही केला.

जुलै २००६ मध्ये एक लक्षणीय गोष्ट घडली. इमॅन्युएल, करी, वेब्स्टर आणि लँडसी, म्हणजे एकमेकांशी कडाडून भांडणारे दोन्ही पक्ष, इतर शास्त्रज्ञांसह एका निवेदनावर सह्या करून मोकळे झाले. त्याचा आशय असा: आमचा वाद चालू राहील, पण खरी अडचण वादळाच्या वाटेत धडाधड होणाऱ्या वस्तीची आहे आणि विम्याची व मदतीची सरकारी धोरणे त्या वस्तीला उत्तेजन देतात. दहा सह्यांच्या या कागदाला केनेडी-बार्बर चकमकीइतकी प्रसिद्धी काही मिळाली नाही.

गाड्यांच्या वादाचेही नेमके हेच झाले. भांडण चालवणाऱ्याच्या नीतिमत्तेवर झाले. निकाल मात्र कायद्यातल्या एका व्याख्येने आधीच लावून ठेवला होता.

१९७३ च्या अरब तेलबंदीनंतर अमेरिकेने १९७५ मध्ये कायदा केला, की प्रत्येक कंपनीने वर्षभरात विकलेल्या गाड्यांचे सरासरी ॲव्हरेज ठरावीक आकड्याच्या खाली जाता कामा नये. मोटारींसाठी तो आकडा पुढे लिटरला सुमारे ११.७ किलोमीटर झाला. शेतकरी आणि गवंडी वापरतात त्या हलक्या ट्रकांना सूट दिली. १९९६ पासून २००४ पर्यंत त्यांना ८.८ पुरत असे. एसयूव्ही बसली या ट्रकांच्या रांगेत. भरल्या वजनासह ३,८५५ किलोंपेक्षा जड गाडीला तर कसलीच मर्यादा नव्हती. म्हणून लिटरला पाच किलोमीटरही धड न देणारी हमर एच-टू कंपनीच्या सरासरीत धरलीच जात नसे.

कंपन्यांनी व्याख्येप्रमाणे गाड्या घडवल्या. क्रायस्लरची पीटी क्रूझर ही दिसायला जुन्या वळणाची छोटी मोटार, कागदोपत्री मात्र ट्रक. का, तर मागची आसने काढली की सपाट जागा होते. सुबारूने २००४ मध्ये आपल्या आउटबॅक गाडीची जमिनीपासूनची उंची वाढवून तिला ट्रकांत नेऊन बसवले. त्यात २००३ च्या करकायद्याची भर पडली. २,७२० किलोंच्या वरची गाडी धंद्यासाठी घेतली, तर पहिल्याच वर्षी एक लाख डॉलरपर्यंत वजावट; विजेवर-पेट्रोलवर चालणारी हायब्रिड घेतली, तर दोन हजार डॉलरची. पुढल्या वर्षी एसयूव्हीची मर्यादा पंचवीस हजारांवर आणली, तरी फरक डोळ्यांत भरावा असाच राहिला. १९७५ मध्ये दर पाच नव्या गाड्यांत एक हलका ट्रक होता. २००४ पर्यंत दोनांत एक झाला. नव्या गाड्यांचे एकंदर ॲव्हरेज १९८७ च्या शिखरावरून घसरलेलेच राहिले.

सूट नेमक्या चुकीच्या जागी होती, हे साध्या हिशेबाने कळते. लिटरला पाच किलोमीटर देणारी गाडी सहावर आणली, तर दर शंभर किलोमीटरला ३.३ लिटर वाचतात. वीस देणारी पंचवीसवर नेली, तर वाचतो एकच लिटर. एक लिटर पेट्रोल वजनाला पाऊण किलो. पण जळताना ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेते आणि सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. वर्षाला १९,००० किलोमीटर धावणारी हमर या हिशेबाने साडेनऊ टनांच्या वर वायू सोडत होती, आणि लिटरला १९ किलोमीटर देणारी गाडी २.३ टन. साऱ्या जगाचे वार्षिक उत्सर्जन तेव्हा तीस अब्ज टनांच्या घरात होते. एका गाडीने वादळ उठत नाही हे खरेच. पण कायदा एका गाडीचा नसतो, कोट्यवधी गाड्यांचा असतो.

कट्रिनाने आखातातले तेल-उत्पादन ठप्प केले, पेट्रोल पहिल्यांदाच गॅलनला तीन डॉलरच्या वर गेले, आणि नीतीच्या प्रवचनांनी जे साधले नव्हते ते पंपावरच्या पाटीने थोडेफार साधले. एप्रिल २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले, की गाड्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड हा कायद्याच्या अर्थाने प्रदूषकच आहे. डिसेंबरमध्ये संसदेने मर्यादा वाढवली. २०१० मध्ये हमरचे उत्पादन बंद पडले. पण नवे नियम गाडीच्या आकाराशी बांधले गेले. गाडी जितकी लांबरुंद, तितकी मर्यादा सैल. एसयूव्ही वाढतच गेल्या. २०२३ मध्ये जगात विकल्या गेलेल्या मोटारींपैकी ४८ टक्के एसयूव्ही होत्या.

या गोष्टीचा आपल्याशी संबंध दोन्ही टोकांनी आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले, की १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षे लागतात, त्यामुळे ते नुकसान एका हंगामाचे नव्हते.

दुसरे टोक चाकण, नाशिक, रांजणगाव इथल्या कारखान्यांत आहे. २०२३-२४ मध्ये देशात विकलेल्या दर पाच प्रवासी गाड्यांपैकी तीन एसयूव्ही आणि तत्सम वर्गातल्या होत्या. व्याख्येप्रमाणे गाडी घडवण्याची कलाही आपल्याला अवगत आहे. चार मीटरच्या आतल्या गाडीला करसवलत मिळाल्यावर टाटांनी २००८ मध्ये इंडिगोची डिकी आखूड करून ती ३,९८८ मिलिमीटरमध्ये बसवली. पुढे एसयूव्हीही त्याच मापात आल्या. भारतातही कंपनीनिहाय सरासरीची मर्यादा आहे आणि गाड्यांचे सरासरी वजन वाढले की ती सैल होते.

एप्रिल २०२७ पासूनच्या नव्या नियमांचा मसुदा सप्टेंबर २०२५ मध्ये निघाला. त्यात ९०९ किलोंपर्यंतच्या लहान पेट्रोल गाड्यांना जास्तीची सवलत सुचवली गेली. ही सवलत मारुतीला हवी होती. टाटा आणि महिंद्र यांचा तिला विरोध होता. बातम्यांत हे दोन-तीन उद्योगसमूहांचे भांडण म्हणून आले. या नियमांबाबत वाचताना तीन आकडे शोधावेत: वजन वाढले तर मर्यादा किती सैल होते, कोणत्या वजनापासून किंवा लांबीपासून सूट सुरू होते, आणि मर्यादा मोडणाऱ्या कंपनीला दर गाडीमागे किती दंड भरावा लागतो. पुढल्या दहा वर्षांत आपल्या रस्त्यांवर कोणत्या गाड्या धावतील, हे बरेचसे त्या तीन आकड्यांवरून सांगता येईल.